काळ्या भुकटीचे गणित

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. आमच्या वांकिडीहून राजुरा-चंद्रपूरच्या वाटेने महाराष्ट्रात कामधंद्यासाठी जाणारी जी अनेक मुले आहेत, त्यांतलाच हा एक. नागपूरकडे प्लास्टिकच्या एका कारखान्यात तो काम करतो. त्याने पिशवीतून एक काळे, खाचा पाडलेले कडे काढून माझ्या टेबलावर ठेवले. एलईडी दिव्याच्या मागील बाजूस, आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी असे कडे बसवितात. पूर्वी ते ॲल्युमिनियमचे असे; आता काही ठिकाणी प्लास्टिकचे करतात आणि त्या प्लास्टिकात कार्बनची भुकटी घालतात. भुकटीची पोती फोडून ती यंत्राच्या नरसाळ्यात ओतणे, हे माझ्या विद्यार्थ्याचे काम.

तो म्हणाला, “सर, आमचे साहेब सांगतात की या भुकटीचा एकेक तंतू पोलादाहून मजबूत आहे आणि तांब्यापेक्षा अधिक उष्णता वाहून नेतो. दोन जातींची भुकटी मिसळली तर गुण आणखी वाढतो म्हणे. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर मग हे प्लास्टिक तांब्यासारखे का होत नाही?”

प्रश्न फार चांगला होता. जाता जाता त्याने दुसराही एक प्रश्न विचारला, आणि तो विचारताना खिशातून रुमाल काढून दाखविला. रुमाल काळा झाला होता. “आणि ही नाकात गेली तर काय होते?”

आजचे माझे भाषण या दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी आहे.

कार्बन आपल्या घरोघरचा. गोलेटीच्या खाणीतून निघणारा कोळसा, चुलीवरच्या पातेल्याची काजळी, मुलांच्या पेन्सिलीतले शिसे म्हणून आपण ज्याला ओळखतो ते ग्राफाइट, आणि जवाहिऱ्याच्या पेटीतला हिरा, ही सारी एकाच मूलद्रव्याची रूपे. फरक आहे तो अणूंच्या रचनेचा. ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी करून सपाट थरांत बसलेले असतात. असे असंख्य थर एकावर एक रचलेले. थराच्या आत बंध अतिशय बळकट, पण थराथरांतले आकर्षण अगदी ढिले. म्हणूनच पेन्सिल कागदावर घासली की थर सुटून कागदाला चिकटतात. हा एकच थर सुटा करून दाखविण्याचे काम मँचेस्टर येथे आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव्ह यांनी 2004 साली केले, आणि तेही साध्या चिकटपट्टीच्या साहाय्याने. त्यांना 2010 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या एकेरी थराला ग्राफीन म्हणतात.

आता हाच थर सुरळीसारखा गुंडाळला आहे अशी कल्पना करा. ती झाली कार्बनची नॅनोनळी. जपानचे सुमियो इजिमा यांनी 1991 मध्ये अशा नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. तत्पूर्वी 1952 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अशा पोकळ तंतूंची छायाचित्रे छापली होती, परंतु रशियन भाषेतील तो निबंध फारसा कोणी वाचला नाही. एका नळीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा अनेक भिंतींच्या नळ्याही असतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा काही हजार नळ्या शेजारी शेजारी सहज बसतील.

मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक महेश्वर शेरॉन यांनी 1990 नंतरच्या दशकात असला सूक्ष्म कार्बन तयार करण्यासाठी जो कच्चा माल निवडला, तो आपल्या देव्हाऱ्यातला कापूर होता. कापराच्या एका रेणूत कार्बनचे 10 अणू असतात, आणि तो पेटविला की किती दाट काजळी धरतो हे सर्वांना ठाऊकच आहे. अर्थात उघड्या हवेत कापूर पेटवून नळ्या मिळत नाहीत. हवा वगळून, लोहाच्या अतिसूक्ष्म कणांच्या सान्निध्यात कापराची वाफ भट्टीत तापवावी लागते. पुढे मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी जपानमधील नागोया येथे कापरापासून नळ्या वाढविण्याच्या या पद्धतीचा पुष्कळ विकास केला.

येथे एक गोष्ट बाजूला सांगून टाकतो. आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यालगत, निजामाबाद जिल्ह्यात, कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथील उत्तम पोलाद नेण्यासाठी पूर्वी इराणचे व्यापारी येत. भारतातल्या अशा पोलादापासून दमास्कस पद्धतीच्या तलवारी घडवीत. 17व्या शतकातल्या अशा एका तलवारीचा तुकडा आम्लात विरघळवून ड्रेस्डेन येथील शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये त्यात कार्बनच्या नळ्या आढळल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हापासून आमच्याकडे काही उत्साही मंडळी ‘पूर्वजांना नॅनोविद्या अवगत होती’ असे सांगत फिरतात. माझे नम्र मत असे की, पूर्वजांना पोलाद अवगत होते आणि तेवढा मान त्यांना पुरेसा आहे. नळ्या आपोआप झाल्या असतील; त्या करणाऱ्याला दिसण्याचा संभव नव्हता.

असो. आता मुख्य गणिताकडे वळू.

एकेका नळीचे गुण खरोखरच थक्क करणारे आहेत. 2000 साली अमेरिकेत एकेक नळी सूक्ष्मदर्शकाखाली दोन टोकांना धरून तुटेपर्यंत ताणण्यात आली. तिची ताकद बांधकामातल्या साध्या पोलादाच्या 20 पटींहून अधिक भरली. उष्णतेचे म्हणाल, तर पदार्थ उष्णता किती सुलभतेने वाहू देतो हे मोजण्याचा जो नेहमीचा आकडा आहे, तो तांब्यासाठी सुमारे 400 आणि इपॉक्सी राळेसाठी सुमारे 0.2 इतका असतो. 2001 मध्ये एका सुट्या नळीवर हाच आकडा 3,000 च्या वर मिळाला, आणि ग्राफीनच्या एका थरासाठी 2008 मध्ये सुमारे 5,000. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याचे साहेब खोटे बोलत नव्हते.

आता कोणीही त्रैराशिक मांडील. शंभर भाग राळेत पाच भाग नळ्या घातल्या. नळीचा आकडा 3,000. म्हणजे मिश्रणाचा आकडा 150 च्या आसपास यावयास हवा, ॲल्युमिनियमच्या निम्म्याहून अधिक. प्रत्यक्षात काय येते? बहुधा एकाच्याही खाली. त्रैराशिक इतके का चुकते, यातच सारे रहस्य आहे.

पहिले कारण गुंता. या नळ्या एकमेकींना विलक्षण चिकटतात. वेचलेल्या कापसाचा बोळा पाण्यात टाकून काठीने ढवळला तर त्याचे धागे सुटे होतात का? तसेच येथे. नळ्यांचे पुंजके होतात, पुंजक्यांच्या आत राळ शिरत नाही, आणि ती जागा बळकटी देण्याऐवजी तडा जाण्याचे ठिकाण बनते. ग्राफाइटच्या पातळ पत्र्यांचीही तीच गत. पावसाळ्यात भिजलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याप्रमाणे ते पुन्हा एकमेकांवर बसून जाड होतात, आणि पातळपणाचा सारा लाभ नाहीसा होतो.

दुसरे कारण सांध्याचे, आणि उष्णतेच्या बाबतीत तेच अधिक महत्त्वाचे. विद्युत्-रोधक घन पदार्थातून उष्णता जाते ती अणूंच्या कंपनांच्या रूपाने. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून हंडे हातोहात पुढे द्यावेत, तशी. नळीतले अणू म्हणजे कवायत शिकलेली रांग. एक थेंबही न सांडता हंडा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. प्लास्टिकातल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या म्हणजे जत्रेतली गर्दी. हंडा कोणी कोणाकडे द्यावा याचाच पत्ता नाही. आता कवायतीची रांग संपून गर्दी सुरू होते तेथे काय होईल? दोहोंची लय जुळत नाही आणि बहुतेक पाणी सांडते. कंपने तेथून मागे परततात. अशा लाखो सरहद्दी ओलांडताना नळीची सारी श्रीमंती खर्ची पडते. नळीचे मोठेपण नळीच्या आत. आपल्याला हवे असते ते या टोकापासून त्या टोकापर्यंतचे.

दोन जाती एकत्र करण्याची कल्पना येथे उपयोगी पडते. आमच्याकडच्या जुन्या कुडाच्या भिंती आठवा. तुराटीच्या नुसत्या काड्या उभ्या केल्या तर त्यांतून वारा वाहतो. नुसत्या मातीचा लेप दिला तर तो वाळून भेगाळतो. काड्या, माती, शेण, भुसा एकत्र आले की भिंत अनेक पावसाळे उभी राहते. कारण प्रत्येकाचे काम वेगळे आहे. त्या ओल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात प्रत्येक दोन कागदांमध्ये चार चार तुराट्या ठेवल्या तर? कागद एकमेकांना चिकटणार नाहीत. आणि तुराट्याही निरनिराळ्या कागदांवर विखुरल्यामुळे त्यांची मोळी होणार नाही. शिवाय एका कागदापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास तुराटीचा पूल मिळेल. ग्राफाइटचे पत्रे आणि कार्बनच्या नळ्या राळेत एकत्र घातल्या म्हणजे साधारणपणे हेच घडते. पत्रे नळ्यांना विलग ठेवतात, नळ्या पत्र्यांना विलग ठेवतात, आणि पत्र्यापासून पत्र्यापर्यंत उष्णतेला कमी सरहद्दी ओलांडाव्या लागतात.

ही केवळ उपमा नव्हे, मोजमापे आहेत. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट हॅडन यांच्या प्रयोगशाळेने 2008 मध्ये इपॉक्सी राळेत वजनाने 10 टक्के कार्बन घातला. केवळ नळ्या घातल्या तेव्हा आकडा एकाच्या आत राहिला. केवळ पत्रे घातले तेव्हा सुमारे दीड झाला. तीन भाग पत्रे आणि एक भाग नळ्या असे प्रमाण घेतले तेव्हा तो 1.75 पर्यंत चढला. कार्बन तितकाच, पण गुण दोहोंहून जास्त. साधी सरासरी काढली असती तर दीडाहून कमीच भरावयास हवा होता.

बळकटीविषयीचा एक प्रसिद्ध प्रयोग आपल्या देशातला आहे. बंगळूर येथे प्रोफेसर सी. एन. आर. राव, प्रोफेसर उपद्रष्टा राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये पॉलिव्हिनिल अल्कोहोल हे प्लास्टिक घेतले. कापड गिरण्यांत सुताला खळ देण्यासाठी वापरतात तेच हे. त्यात त्यांनी हिऱ्याचे सूक्ष्म कण, ग्राफीन आणि नळ्या यांपैकी दोन दोन एकत्र करून घातले. एकूण भर फार तर 0.6 टक्के. काही जोड्यांत ताठरपणा आणि काठिण्य हे एकाच जातीच्या भरीने जेवढे मिळत होते त्याच्या तुलनेने 400 टक्क्यांपर्यंत वाढले. एक आणि एक दोन होत नाहीत, अधिक होतात, याचा हा नमुना.

पण आकडे वाचावेत कसे, हेही शिकले पाहिजे. 2011 मध्ये तैवानच्या शास्त्रज्ञांनी रासायनिक संस्कार केलेल्या नळ्या आणि ग्राफीनचे पत्रे इपॉक्सीत एकत्र घातले. नुसत्या पत्र्यांनी ताणसामर्थ्य जेमतेम 1 टक्का वाढले होते. जोडीने 35 टक्के वाढले. उष्णता वाहण्याचा गुण नुसत्या पत्र्यांनी सुमारे 24 टक्के, तर जोडीने सुमारे 147 टक्के वाढला. किती मोठा वाटतो हा आकडा! पण वाढ कशाची? 0.2 ची. म्हणजे झाले अर्धे. साध्या खिडकीच्या काचेचा आकडा एकाच्या आसपास असतो. माझ्या वर्गात मी मुलांना सांगतो, टक्के दिसले की आधी ‘कशाचे’ असे विचारा. हा प्रयोग उत्तमच आहे. त्यावरून जाहिरात लिहिणाराकडे मात्र जपून पाहावे.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा ते काळे कडे मी वर्गात नेले. तांब्याची एक पट्टी, साध्या पांढऱ्या प्लास्टिकचे एक कडे आणि हे काळे कडे, अशा तिन्हींच्या वरच्या कडेला मेणाने एकेक टाचणी चिकटविली. मेण आमच्या चर्चमधल्या जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे. मग तिन्ही वस्तू अर्ध्या बुडतील एवढे कढत पाणी परातीत ओतले. तांब्याची टाचणी मुले ओळीत उभी राहण्याच्या आतच पडली. काळ्या कड्याची पडली, पण मुले कंटाळून कुजबुजू लागल्यावर. पांढऱ्याची पाणी निवेपर्यंत पडलीच नाही. तिन्हींचे आकार सारखे नव्हते, तेव्हा याला मोजमाप म्हणता येणार नाही. परंतु मुलांना जे दिसायचे ते दिसले. काळे कडे तांबे झालेले नाही, आणि साधे प्लास्टिकही राहिलेले नाही.

मग त्याचा उपयोग काय? उपयोग आहे. पुष्कळदा उष्णतेची अडचण ती हवेत सोडण्याच्या जागी असते. वस्तू लहान असेल आणि ऊब थोडी असेल, तर तांब्याएवढ्या वेगाची गरजच नसते, 0.2 ऐवजी काही एकक मिळाले तरी दिव्याच्या आतला भाग पुष्कळ थंड राहतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, आणि रस्त्यावरचे दिवे पटापट निकामी होऊ लागले की बहुधा आतल्या विद्युत्-यंत्रणेला ही ऊब बाधलेली असते. शिवाय प्लास्टिक हलके, साच्यातून हव्या त्या आकारात एका दमात निघणारे, आणि न गंजणारे.

अडचणीही आहेत. कार्बन वीजही वाहतो; म्हणून जेथे विजेपासून संरक्षण हवे तेथे ही काळी भर चालत नाही, तेथे बोरॉन नायट्राइडसारखी पांढरी भर वापरावी लागते. भर वाढवीत गेले की वितळलेले प्लास्टिक पिठल्यासारखे घट्ट होते आणि साच्याच्या कोपऱ्यांत शिरेनासे होते. दोन जातींचे प्रमाण चुकले तर जोडीचा लाभ नाहीसा होतो. ते प्रमाण प्रत्येक प्लास्टिकासाठी, प्रत्येक प्रतीच्या नळीसाठी नव्याने शोधावे लागते. आणि ढवळण्याचे काम हलके नाही. कमी ढवळले तर गुंता सुटत नाही. फार जोराने ढवळले तर नळ्याच तुटून आखूड होतात, आणि लांबी हाच तर त्यांचा गुण.

ती लांबीच मला दुसऱ्या प्रश्नाकडे घेऊन येते.

मी त्याला पोत्यांवरच्या चिठ्ठ्यांचे छायाचित्र पाठविण्यास सांगितले. एका पोत्यात ग्राफाइट होते, दुसऱ्यात अनेक भिंतींच्या नळ्या. फुप्फुसात शिरलेला कचरा आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी गिळून साफ करतात. पण तंतू त्या पेशीहून लांब, बारीक आणि ताठ असेल तर तो गिळता येत नाही. पेशी अर्धवट गिळते, मरते, आणि त्या जागी दाह चालू राहतो. ॲस्बेस्टॉसने माणसे मेली ती अशाच रीतीने. 2008 मध्ये ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब नळ्या सोडून पाहिल्या, तेव्हा ॲस्बेस्टॉससारखीच विकृती दिसली; आखूड आणि गुंतलेल्या नळ्यांनी तशी दिसली नाही. 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एका विशिष्ट जातीच्या ताठ नळ्यांना ‘माणसात कर्करोग करण्याचा संभव असलेल्या’ वर्गात टाकले. इतर नळ्यांविषयी निर्णय देण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. ‘पुरावा नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही, एवढे आपण विज्ञानाच्या वर्गात शिकविले पाहिजे.

अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने 2013 मध्ये सुचविलेली मर्यादा अशी की, कामाच्या आठ तासांत सरासरीने दर घनमीटर हवेत अशा नळ्या 1 मायक्रोग्रॅमहून अधिक नसाव्यात. एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग! ज्याचा रुमाल संध्याकाळी काळा होतो, त्याच्याभोवतीच्या हवेविषयी मी निश्चित काही सांगू शकत नाही; पण रुमाल हे काही मोजण्याचे साधन नव्हे आणि वाचविण्याचेही नव्हे.

एकदा प्लास्टिकात घट्ट बसल्यावर या नळ्या सहसा बाहेर पडत नाहीत. दिवा वापरणाऱ्याने, कडे हाताळणाऱ्याने भिण्याचे कारण नाही. धोका आहे तो पोते फोडताना, भुकटी ओतताना, सांडलेली झाडताना, आणि तयार वस्तू कापताना किंवा घासताना. म्हणूनच ते कडे कापून त्याची पट्टी करण्याचा मोह मी वर्गात आवरला. उपायही ठाऊक असलेले आहेत. भुकटीऐवजी ‘मास्टरबॅच’ म्हणून तिचे आधीच प्लास्टिकात मळलेले दाणे मिळतात. ते घेतले तर धूळ जवळजवळ उडत नाही. पोते फोडण्याच्या जागी हवा ओढून घेणारी नळी बसविता येते. झाडूने झाडण्याऐवजी किंवा हवेच्या झोताने उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसता येते. आणि तोंडावर रुमाल न बांधता सूक्ष्म कण अडविणारी, गालाला घट्ट बसणारी मुखपट्टी लावता येते. माल विकणाऱ्याकडे प्रत्येक भुकटीचे सुरक्षा-माहितीपत्रक असते, आणि आपण ज्या पदार्थात हात घालतो त्याची माहिती मागण्याचा कामगाराला हक्क आहे.

हे सारे मी त्याला पत्रात लिहून पाठविले. फोनवर सांगितलेले विसरते, आणि दुसऱ्याला दाखविताही येत नाही. परवा त्याचा निरोप आला. मुखपट्ट्या मिळाल्या आहेत, त्याला आणि त्याच्याबरोबरच्या तिघांनाही. मास्टरबॅचचे दाणे महाग पडतात म्हणून सध्या नाहीत. माहितीपत्रक त्याने मागून घेतले आहे. ते 11 पानांचे आहे आणि इंग्रजीत आहे. पुढच्या सुटीत तो ते घेऊन वांकिडीला येणार आहे, तेव्हा आम्ही दोघे बसून वाचू.